ठिपका की कडं? फिरणाऱ्या कृष्णविवराची शंभर वर्षांची गोष्ट

कृष्णविवराच्या पोटात काय असतं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदललं. आधी उत्तर आलं, एक बिंदू, ज्यात ताऱ्याचं सगळं वस्तुमान चिरडलं जातं. मग विचारलं गेलं, तारा स्वतःभोवती फिरत असेल तर? तेव्हा बिंदूचं कडं झालं. पुढे लक्षात आलं, की त्या कड्यापर्यंत पोहोचायच्या आधीच वाटेत काहीतरी बिघडतं. आणि २०२३ साली, ज्याच्या गणितातून ते कडं निघालं होतं त्याच माणसाने वयाच्या ८९व्या वर्षी लिहिलं, की आत असं काही असतंच हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

हा इतिहास या ब्लॉगवर सांगायला एक कारण आहे. कृष्णविवर कुरआनमध्ये चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलेलं आहे, असे मेसेज आपल्या ग्रुपवर सतत फिरत असतात. त्यावर मला बोलायचं आहे. पण आधी ज्याचा दावा करतो ते काय आहे, हे तरी नीट पाहू.

सुरुवात होते पहिल्या महायुद्धात. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षतेची समीकरणं मांडली. त्याच वर्षाच्या शेवटी रशियन आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने त्यांचं पहिलं अचूक उत्तर काढलं आणि आइन्स्टाइनला पत्राने कळवलं. काही महिन्यांतच, मे १९१६ मध्ये, आजारपणात त्याचं निधन झालं. गणित सोपं व्हावं म्हणून त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती : वस्तू अगदी गोल आहे आणि ती फिरत नाही.

या उत्तरात दोन ठिकाणी अडचण येत होती. एक, ठरावीक अंतरावरची सीमा. सूर्याचं सगळं वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलं तर ही सीमा तयार होते, आणि तिच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही. तिला आपण आज घटना क्षितिज म्हणतो. दुसरी अडचण अगदी मधोमध. तिथे वक्रता अनंत होते, समीकरणं पुढे चालतच नाहीत. या जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. पहिली अडचण खोटी होती. ती मोजमापाच्या पद्धतीतून आली होती, हे हळूहळू, १९६० पर्यंत पुरतं स्पष्ट झालं. मधली अडचण मात्र खरी निघाली.

बराच काळ लोकांनी तिच्याकडे कागदावरची गंमत म्हणूनच पाहिलं. तारा इतका लहान होणारच नाही, असा समज होता. लाहोरमध्ये जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर जे गणित केलं, त्याने या समजाला पहिला धक्का दिला. इंधन संपलेला तारा ठरावीक मर्यादेपेक्षा जड असेल, तर तो पांढरा खुजा तारा म्हणून टिकू शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. मग त्याचं काय होतं? १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच दिवशी, रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांचा शोधनिबंध छापून आला. त्यांनी दाखवलं, की असा गोळा कोसळतच जातो, स्वतःच्या क्षितिजाआड जातो आणि शेवटी बिंदूत चिरडला जातो.

यावर एक अगदी रास्त शंका निघाली. त्यांनी घेतलेला गोळा अगदी गोल होता, त्याला आतून दाब नव्हता आणि तो फिरत नव्हता. खऱ्या जगात असा एकही तारा नाही. अगदी गोल असेल तर सगळे कण मध्याकडेच धावतात आणि एकाच ठिकाणी आदळतात. जरा तिरके निघाले, तर एकमेकांना चुकवून पुढे जातील. मग अनंताची ही भानगड मुळात त्या गोलपणामुळेच आली नसेल कशावरून?

फिरण्याकडून तर फार मोठी आशा होती. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरा, गिरकी घ्या आणि हात जवळ ओढा. वेग वाढतो. आकुंचन पावणाऱ्या ताऱ्याचंही तेच होतं. आपला सूर्य एका फेरीला विषुववृत्तावर साधारण २५ दिवस घेतो. मोठा तारा कोसळून उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी एक तर सेकंदाला ७१६ वेळा फिरतो. आता हिशेब पाहा. न्यूटनच्या नियमाप्रमाणे अंतर निम्मं झालं की गुरुत्वाकर्षण ४ पट होतं. फिरणाऱ्या वस्तूला बाहेर फेकणारा जोर मात्र ८ पट होतो. म्हणजे जवळ जाता जाता कधीतरी बाहेर फेकणारा जोर जिंकणारच. न्यूटनच्या जगात फिरणारी वस्तू बिंदूत चिरडली जाऊच शकत नाही.

आइन्स्टाइनच्या गणितात इथेच घात होतो. एखादा कण जड गोळ्याभोवती फिरत आत येत असेल, तर त्याच्या हिशेबात तिसरं एक पद येतं. अंतर निम्मं झालं की ते १६ पट होतं, आणि ते ओढणारं असतं. वर गंमत अशी, की कणाचं फिरणं जितकं जास्त तितकं हे पदही मोठं. ४, ८ आणि १६. काही अंतरापर्यंत फिरणं वाचवतं. फार जवळ गेलं की तेच फिरणं आत ढकलायला मदत करतं.

पण हा झाला एका कणाचा हिशेब. अख्ख्या कोसळणाऱ्या ताऱ्याचं काय? हा प्रश्न कोलकात्यात एका माणसाने फार नेमकेपणाने मांडला. अमलकुमार रायचौधरी यांचा जन्म १९२३ चा, बारिसालचा. वडील शाळेत गणित शिकवायचे. अमलबाबू स्वतः काही वर्षं कॉलेजात शिकवून एका संशोधन संस्थेत गेले. तिथे त्यांच्याकडून अपेक्षित होतं धातूंच्या गुणधर्मांवरचं काम. सापेक्षतेचं गणित त्यांनी त्यातून वेळ काढून केलं. १९५३ मध्ये पाठवलेला त्यांचा निबंध १९५५ मध्ये अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. आज जगभर ते समीकरण रायचौधरी समीकरण म्हणून शिकवलं जातं.

सोप्या भाषेत ते असं सांगतं. अवकाशात मोकळ्या पडणाऱ्या कणांचा एक थवा घ्या. थवा आक्रसेल की पसरेल? त्यातलं द्रव्य त्याला आक्रसवतं. थवा एका बाजूने दाबला आणि दुसऱ्या बाजूने ताणला जात असेल, तर तेही आक्रसवतं. फक्त एक गोष्ट उलट दिशेने काम करते, थव्याचं स्वतःभोवती फिरणं. रायचौधरींना समीकरणातून दिसलं, की गोलपणा सोडला तरी सुटका नाही. वेडावाकडा आकार उलट कोसळणं वाढवतो. कुणी वाचवलंच तर फिरणं वाचवेल. प्रश्न आता एकाच पदावर येऊन थांबला होता.

आठ वर्षांनी, १९६३ मध्ये, न्यूझीलंडचा २९ वर्षांचा रॉय कर टेक्सासमध्ये काम करत होता. फिरणाऱ्या वस्तूसाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं अचूक उत्तर काढण्यात अनेकांची उमेद संपली होती. श्वार्झशिल्डनंतर ४७ वर्षं गेली होती. कर यांनी ते काढलं. त्यांचा निबंध जेमतेम दीड-दोन पानांचा आहे. त्या डिसेंबरमध्ये डॅलसला एक मोठी परिषद भरली. कर बोलायला उभे राहिले तेव्हा खगोलशास्त्रज्ञांपैकी अनेकांनी लक्षही दिलं नाही.

कर यांच्या उत्तरात दोन गोष्टी बदलल्या. बाहेरच्या बाजूला, कृष्णविवर फिरताना भोवतीच्या अवकाशालाच आपल्यासोबत ओढतं. ताकात रवी फिरवली की ताकही फिरू लागतं, तसं. आणि आत, बिंदूच्या जागी एक कडं आलं. बांगडीसारखं, पण जाडी अजिबात नसलेलं. वक्रता अनंत होते ती फक्त त्या कड्यावर. फिरणं जितकं जास्त तितकं कडं मोठं. फिरणं शून्य केलं की कडं मिटत मिटत पुन्हा श्वार्झशिल्डचा बिंदू होतो.

बिंदूचं कडं होणं हा नुसता आकारातला फरक नाही. न फिरणाऱ्या कृष्णविवरात क्षितिज ओलांडल्यावर मध्य ही जागा राहतच नाही, ती एक वेळ होते. उद्याचा दिवस जसा टाळता येत नाही, तशी ती सिंग्युलॅरिटी टाळता येत नाही. डावीकडे पळा की उजवीकडे, ती तुमच्या पुढच्या काळात उभी आहे. फिरणाऱ्या कृष्णविवराला मात्र आत दुसरं एक क्षितिज असतं. ते ओलांडलं की सिंग्युलॅरिटी पुन्हा जागा होते, वाटेतल्या खांबासारखी. वळसा घालून जाता येतं. १९६८ मध्ये ब्रँडन कार्टर यांनी दाखवलं, की मोकळे पडणारे कण या कड्यावर नेमके आदळतात ते विषुववृत्ताच्या प्रतलातून आले तरच. बाकीचे निसटतात. म्हणजे फिरण्याने सिंग्युलॅरिटी संपवली नाही, पण तिची सक्ती काढून घेतली.

याच सुमारास वाद मिटवणारा निकालही आला होता. मॉस्कोमध्ये लिफ्शित्झ आणि खलात्निकोव्ह यांनी १९६३ मध्ये म्हटलं होतं, की खऱ्याखुऱ्या, ओबडधोबड कोसळण्यात सिंग्युलॅरिटी येत नाही. १९६५ मध्ये लंडनच्या रॉजर पेनरोझ यांनी त्याच्या उलट प्रमेय मांडलं. त्यांनी कणांचा थवा सोडून प्रकाशकिरणांचा थवा घेतला. एखाद्या बंद पृष्ठावरून काटकोनात निघालेले किरण. बाहेरच्या बाजूला सोडलेले किरणसुद्धा एकमेकांकडे झुकू लागतील इतकं गुरुत्वाकर्षण वाढलं, की त्यांपैकी काहींचा मार्ग मर्यादित अंतरात संपतो. इथे रायचौधरींच्या समीकरणाचा गाभा प्रकाशासाठी वापरला गेला. आणि पृष्ठावरून काटकोनात निघालेल्या किरणांच्या थव्याला स्वतःभोवतीचं फिरणं नसतंच. तारा कितीही फिरो, या थव्याच्या हिशेबात ते वाचवणारं एकुलतं एक पद शून्य होतं. रशियन जोडीने पुढे आपला निष्कर्ष मागे घेतला. पेनरोझ यांना या कामासाठी २०२० मध्ये नोबेल मिळालं. रायचौधरी २००५ मध्येच गेले होते.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. प्रमेय सांगतं की काही किरणांची वाट संपते. ती कुठे संपते, तिथे बिंदू आहे, कडं आहे की तिसरंच काही, हे प्रमेय सांगत नाही. शिवाय आतल्या क्षितिजात खोट होती, आणि ती पेनरोझ यांनीच १९६८ मध्ये दाखवली. त्या क्षितिजाशी पोहोचणाऱ्याला बाहेरच्या विश्वाचा पुढचा सगळा काळ एका क्षणात दिसेल. तेवढ्या काळात आत पडणारा सगळा प्रकाश त्या क्षणात गोळा होईल, आणि त्याची ऊर्जा वाढतच जाईल. मग ते नाजूक क्षितिज शाबूत कसं राहील? १९९० मध्ये एरिक पॉइसन आणि व्हर्नर इस्रायल यांनी एका सोप्या नमुन्यावर गणित केलं आणि दाखवलं, की आतल्या क्षितिजाशी वक्रता बेसुमार वाढते. म्हणजे वळसा घालून जायची वाट बहुधा तिथेच उद्ध्वस्त होते आणि कड्यापर्यंत कुणी जातच नाही. २०१७ मध्ये मिहालिस डाफर्मोस आणि जोनाथन लुक यांनी कर यांच्या फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी कडक गणिती सिद्धता दिली. आतलं क्षितिज पूर्ण मोडत नाही, अवकाश-काल तिथपर्यंत अखंड राहतो. पण तो तिथे इतका खडबडीत होत असावा, की आइन्स्टाइनची समीकरणं नेहमीच्या अर्थाने पुढे नेता येणार नाहीत.

आणि मग डिसेंबर २०२३. रॉय कर यांनी नवा निबंध जाहीर केला. शीर्षकच प्रश्नाचं आहे, कृष्णविवरांना सिंग्युलॅरिटी असते का? त्यांचं म्हणणं असं, की किरणाचा मार्ग मर्यादित अंतरात संपणं आणि तिथे सिंग्युलॅरिटी असणं या एकच गोष्टी नाहीत. माझं कडं म्हणजे आत असलेल्या फिरणाऱ्या ताऱ्याच्या जागी कागदावर ठेवलेली खूण आहे, ते खरोखर आत आहे असं समजू नका. अनेक तज्ज्ञांना हे पटलेलं नाही आणि वाद चालू आहे. पण ज्याच्या नावाने हे कृष्णविवर ओळखलं जातं, तोच ६० वर्षांनी आपल्याच कड्यावर शक घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाहेरून आपण आज बरंच मोजू शकतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या यंत्रांनी टिपलेल्या लहरी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट जड अशा दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आल्या होत्या. त्यातून तयार झालेलं कृष्णविवर सूर्याच्या ६२ पट होतं आणि शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या सुमारे दोनतृतीयांश इतकं फिरत होतं. या लहरी गोंगाटातून वेगळ्या कशा काढायच्या, यावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. आता तसंच यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभं राहणार आहे. त्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हे यंत्रही बाहेरचंच मोजेल. क्षितिजाच्या आतून खबर येत नाही.

आता त्या मेसेजकडे येतो. त्यात सूरह तारिकमधला 'साकिब' हा शब्द घेतात आणि म्हणतात, अरबीत कृष्णविवराला 'सक्ब अस्वद' म्हणतात, धातू एकच, म्हणून हा कृष्णविवराचा उल्लेख. मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून भाषेपुरतं बोलतो. 'सक्ब अस्वद' हा इंग्रजी 'ब्लॅक होल'चा अरबी अनुवाद आहे. इंग्रजी शब्द रूढ झाला तोच १९६७ नंतर, जॉन व्हीलर यांच्यामुळे. विसाव्या शतकात केलेल्या अनुवादातून सातव्या शतकातल्या शब्दाचा अर्थ काढता येत नाही. शिवाय साकिब हे नाव आपल्या कितीतरी घरांत आहे. आपण ते मुलाला ठेवतो ते अंधाराला भेदून चमकणारा या अर्थाने, आणि जुन्या तफसीरकारांनीही तिथे तोच तेजाचा अर्थ घेतला आहे. कृष्णविवर तर प्रकाश गिळणारं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. समजा १९५० मध्ये कुणी आयतीचा अर्थ 'बिंदू' असा लावला असता. १९६३ नंतर तो 'कडं' असा लावावा लागला असता. १९९० नंतर आणखी काही. विज्ञानाचं उत्तर बदलणं हा त्याचा स्वभाव आहे. आपल्या ईमानाची गाठ आपण त्या उत्तराला मारली, तर उत्तर बदलल्यावर मुलांच्या मनात काय होईल? मेसेज पाठवणारा तेव्हा समजवायला नसेल. घरात आणि वर्गात ते प्रश्न आपल्यासमोर येतील.

आपल्याच परंपरेत याहून चांगली वाट आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीवर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'शुकूक' म्हणजे शंका हा शब्द आहे. टॉलेमी तेव्हा खगोलशास्त्रातला शेवटचा शब्द मानला जायचा. इब्न अल-हैसम यांनी त्याचा आदर ठेवून त्याचं गणित कुठे जुळत नाही हे एकेक करून दाखवलं. आणि आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर प्रा. जमाल नझरुल इस्लाम यांचं घ्या. १९३९ मध्ये झिनाइदह इथे जन्मलेला हा बंगाली मुसलमान केंब्रिजमध्ये शिकला, तिथलं जग सोडून १९८४ मध्ये चितगावच्या विद्यापीठात शिकवायला परतला. सापेक्षतेतल्या फिरणाऱ्या क्षेत्रांवरचं त्यांचं पुस्तक १९८५ मध्ये केंब्रिजने छापलं, म्हणजे नेमका आपला आजचा विषय. त्यांनी मायबोलीतही पुस्तक लिहिलं. त्याचं नाव आपल्याला भाषांतर करून सांगायची गरज नाही : 'कृष्णविवर'.

आपले जुने उलमा मोठा फतवा लिहून झाला की शेवटी 'वल्लाहु आलम' लिहायचे, म्हणजे खरं काय ते अल्लाहच जास्त जाणतो. पूर्ण अभ्यास करून, आपलं मत स्पष्ट मांडून, मग ही नम्रता. रॉय कर यांच्या निबंधात मला तीच वृत्ती दिसते, भाषा वेगळी असली तरी.

म्हणून पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर मुलांना तो पुढे पाठवायला सांगू नका आणि रागावूही नका. कागद द्या आणि वरचा हिशेब मांडायला सांगा. अंतर निम्मं झालं तर ४ पट काय होतं, ८ पट काय होतं, आणि १६ पट काय होतं? आठवी-नववीच्या मुलाला हे जमतं. तो हिशेब सोडवताना मुलाने विचारलं, की मग आत नक्की काय आहे, तर त्याला खरं उत्तर द्या : यावर अजून काम चालू आहे, आणि ते तूही करू शकतोस.